कुसळ काढायचंच आहे, पण आधी हिशेबाची वही

प्रश्न : मी घणसोलीला राहते, नोकरीसाठी रोज ठाण्याला जाते. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या महिला संघाची तीन वर्षं खजिनदार आहे. आमच्यातली एक भगिनी गायनवृंदात पुढे उभी राहते, पण उपासनेला वीस-वीस मिनिटं उशिरा येते. सासूशी धड बोलत नाही असं तिच्या शेजारणी सांगतात. संघाच्या बचतीतून घेतलेले सहा हजार रुपये चार महिने झाले तरी तिने परत केलेले नाहीत, आणि स्टेटसला मात्र रोज वचनं! गेल्या महिन्यात कोपरखैरण्याला घरगुती प्रार्थना होती. प्रार्थनेचे विषय विचारल्यावर मी म्हणाले, "आपल्यातल्या दुटप्पी वागणाऱ्या भगिनींसाठी प्रार्थना करू या," आणि तिच्याकडे बघितलं. तिथे अकरा जणी होत्या. तेव्हापासून ती येत नाही. पाळकसाहेब मला म्हणाले, "आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघा." म्हणजे चूक दिसली तरी गप्प बसायचं का? आणि स्वतःचे दोष बघायला बसलं की एक तर काही सुचतच नाही, नाहीतर सगळंच वाईट वाटायला लागतं. त्यात संघाचा वार्षिक हिशेब माझ्या गळ्यात. मार्चपासून मांडायचा राहिलाय, पण तो कुणी विचारतही नाही. काय करू?

उत्तर :

ताई, जय ख्रिस्त.

गप्प बसायचं नाही. पाळकसाहेब बोलले ते खरं, पण ते वचनाच्या मध्यावरच थांबले. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातला हा विषय पाचव्या वचनात पुरा होतो. तिथे प्रभू येशू म्हणतो, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ तिथेच राहू दे, असं तो कुठेच म्हणत नाही. 'दोष काढू नका' हे पहिलं वचन पाठ असलेले पुष्कळ असतात, आणि आपल्याला कुणी काही बोललं की तेच ढाल म्हणून पुढे करतात. पाचवं वचन पाठ असलेले कमी.

आपल्या मराठीत कुसळ-मुसळ असं छान यमक जुळलंय. मूळ ग्रीकमध्ये मुसळाच्या जागी 'दोकोस' आहे, म्हणजे छपराला घालतात ती तुळई. कुसळाच्या जागी 'कार्फोस', म्हणजे वाळक्या काडीचा किंवा लाकडाचा बारीक तुकडा. सुतारकाम केलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. भुसा आणि तुळई एकाच लाकडाची असू शकतात हे त्याला ठाऊक होतं. मराठीतही जोडी तुटत नाही. कुसळ साळीचं, आणि ती साळ कांडतं ते मुसळ. म्हणून दुसऱ्यातली एखादी गोष्ट खुपली की स्वतःचे जगातले सगळे दोष शोधत बसू नका. त्याच लाकडाचं आपल्यात काय आहे, एवढंच आधी बघा. उशीर खुपतो, तर मी कुणाला ताटकळत ठेवलंय? दिखावा खुपतो, तर माझं कुठलं काम लोकांनी बघावं म्हणून चाललंय? पैसे खुपतात, तर माझ्याकडे कुणाचं काय अडकलंय?

आता दृष्टान्त म्हणून नव्हे, खरोखर डोळ्यात कुसळ गेलं तर काय करतो ते आठवा. पावसाळा सरल्यावर सुकल्या गवतातून चाललं की साडीच्या काठाला कुसळं चिकटतात, झटकून जात नाहीत, एकेक उपटावं लागतं. असलं एखादं डोळ्यात गेलं तर आपण हात धुतो, माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवतो, चोळू नको म्हणतो, खालची पापणी ओढून स्वच्छ पाणी सोडतो. पाण्याने निघालं नाही तर कापडाच्या ओल्या टोकाने अलगद टिपतो. बुबुळावर रुतलं असेल तर हातही लावत नाही, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो. आणि ज्याच्या डोळ्यात गेलंय त्याने मान वर करून डोळा उघडा ठेवला, तरच यातलं काही जमतं. भर बैठकीत, दहा जणींच्या देखत, कुणी डोळा उघडून धरेल का?

तुमच्या डोळ्यातलं मुसळ कुठलं, हे बाहेरच्या माणसाने सांगायचं नसतं. पण तुमच्याच पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य पुन्हा वाचा. त्या भगिनीने संघाचे सहा हजार चार महिने ठेवून घेतले म्हणून तुम्हाला राग आहे, आणि त्याच संघाचा हिशेब मार्चपासून तुमच्याकडे पडून आहे. "कुणी विचारत नाही" हे तुमचे शब्द. पैसे न देण्यामागे तिचंही कारण कदाचित हेच असेल.

तुम्ही काही खाल्लंय असा याचा अर्थ नाही. खजिनदाराच्या घरात काय होतं, एवढंच सांगतो. संघाची रोख आणि घरखर्चाची रोख एकाच कपाटात, फार तर दोन पाकिटांत. सिलिंडरवाला दारात उभा, सुटे नाहीत, म्हणून संघाच्या पाकिटातले पाचशे काढले. पगार झाला की परत ठेवले, किंवा ठेवले असं वाटलं. वाईट हेतू कुठेच नसतो, पण आठ महिन्यांनी मोजायला बसलं की मेळ लागत नाही. मग हिशेब पुढे ढकलला जातो, आणि पुढे ढकललेला हिशेब माणसाला दुसऱ्यांच्या बाबतीत कडक करतो. दाविद राजाचं हेच झालं होतं. दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला त्याने मारवलं होतं. २ शमुवेल १२ मध्ये नाथान संदेष्टा त्याला गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. दाविद संतापून म्हणतो, तो माणूस मेलाच पाहिजे, आणि त्याने मेंढीची चौपट भरपाई दिली पाहिजे. चौपट भरपाई हा मोशेच्या नियमशास्त्रातलाच दंड आहे, निर्गम २२:१ मध्ये तो सापडतो. मेंढीचोराला मृत्युदंड मात्र नियमशास्त्रात नाही, ती दाविदाची पदरची भर. नाथानाने "तो मनुष्य तूच" म्हणण्याआधीच त्या भरीने दाविदाला उघडं पाडलं होतं. एखाद्याच्या चुकीपेक्षा आपला राग मोठा झाला, तर वरचा राग कुठून आला हे तपासण्यासारखं असतं. उशीर आणि थकलेले सहा हजार, एवढ्यासाठी अकरा जणींत 'दुटप्पी' हा शब्द जरा जास्तच झाला.

तेव्हा पहिलं काम हिशेब. तीन संध्याकाळींत होतो.

पहिल्या संध्याकाळी संघातल्या आणखी एकीला घरी बोलवा आणि तिच्यासमोर रोख मोजा. पाचशेच्या किती, शंभराच्या किती, असं कागदावर लिहून दोघींनी सह्या करा. एकटीने मोजू नका. चोरीच्या संशयापेक्षा पुन्हापुन्हा मोजून गोंधळायची भीती जास्त असते. दुसऱ्या संध्याकाळी पावतीपुस्तक घ्या. पावत्यांचे क्रमांक सलग आहेत का ते बघा. चुकलेली पावती फाडलेली नको, तिच्यावर 'रद्द' लिहून ती पुस्तकातच हवी. खर्चाची बिलं तारखेप्रमाणे लावा. जिथे बिल मिळत नाही, जसं रिक्षा किंवा फुलवाली, तिथे साध्या कागदावर रक्कम, तारीख आणि पैसे घेणाऱ्याची किंवा देणाऱ्याची सही. पासबुक बँकेत भरून आणा. तिसऱ्या संध्याकाळी मेळ लावा : वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, त्यात जमा मिळवून खर्च वजा केला की जी रक्कम येते, ती हातातली रोख, बँकेतली शिल्लक आणि सभासदांकडून येणं या तिघांच्या बेरजेइतकी असली पाहिजे. ते सहा हजार 'येणं' या रकान्यात येतील, नावानिशी, तारखेसह, आणि दुसऱ्या कुणाकडे असतील तर तेही तसेच.

फरक निघाला, समजा तीनशे चाळीस रुपये कमी पडले, तर गुपचूप स्वतःच्या पर्समधून घालू नका. हे सगळ्यात जास्त घडतं, आणि करणाऱ्याला ते चांगुलपणाचं वाटतं. पण त्याने हिशेब खोटा होतो आणि पैसे कुठे गेले हे कधीच कळत नाही. 'फरक ३४०' असं लिहा, बैठकीत सांगा, आणि भरायचेच असतील तर सगळ्यांना सांगून भरा. घरखर्चाला वापरलेलं काही आठवलं, तर तेही बोला. येशू भेटल्यावर जक्कय या जकातदाराने लुबाडलेल्याच्या चौपट देईन म्हटलं ते सगळ्यांदेखत म्हटलं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, दोष बघायला बसल्यावर काय होतं तो. काहीच न सुचणं आणि सगळंच वाईट वाटणं, दोन्हींचं मूळ एकच आहे : आपण स्वभावाकडे बघत बसतो. बघायचं कृत्याकडे. 'माझा स्वभाव तापट आहे' हे वाक्य कबुलीसारखं दिसतं, पण त्यात कुणाची माफी मागायची ते नाही आणि काय दुरुस्त करायचं तेही नाही. 'मंगळवारी रात्री जेवताना मुलीचे मार्क ऐकून तिच्या बाबांसमोर म्हणाले, तुझ्याच्याने काही होणार नाही' या वाक्यात दोन्ही आहेत. वार, जागा, माणूस आणि क्रियापद. लिहून झालं की त्यातले 'पण' आणि 'म्हणून' खोडा. 'तिने उलट उत्तर दिलं म्हणून' हा तिच्या वहीचा मजकूर, तुमच्या नव्हे.

काहीच सुचलं नाही, तर स्वतःला विचारा : या आठवड्यात कुणाचा फोन वाजला आणि मी उचलला नाही? कुणाचं नाव निघालं की माझा आवाज बदलतो? कुणाला पैसे, उत्तर किंवा वेळ द्यायचा राहिलाय? 'प्रार्थनेसाठी सांगते हं' म्हणून मी कुणाची गोष्ट कुणाला सांगितली? हा शेवटचा प्रश्न आपल्या मंडळ्यांमध्ये फार खोल जातो, कारण चुगलीला प्रार्थना-विषयाइतकं सुरक्षित वेष्टण दुसरं नाही. तुमच्या कोपरखैरण्याच्या वाक्यातही तेच होतं.

येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याने यासाठी एक पद्धत घालून दिली, कॅथलिकांत ती आजही चालते, इतरांनी उचलायला काहीच हरकत नाही. एका वेळी एकच दोष घ्यायचा. सकाळी उठल्यावर तो ठरवायचा, दुपारी एकदा आणि रात्री एकदा मागे वळून बघायचं. कागदावर रोजच्या दोन ओळी, एक दुपारची, एक रात्रीची, सात दिवसांच्या चौदा. जितक्या वेळा पडलो तितके ठिपके त्या ओळीवर. मग दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, काल आजशी, मागचा आठवडा या आठवड्याशी लावून बघायचा. तुम्हाला घणसोली ते ठाणे लोकलचा वेळ आहेच. गर्दीत लिहिता येत नाही, पण दोष ठरवता येतो : रबाळ्यापर्यंत आभार, ऐरोलीपर्यंत आजचा एक दोष, ठाणं येईपर्यंत त्यासाठी मागणं. ठिपके रात्री घरी. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात. घाबरू नका, दोष वाढलेला नसतो, तो आता दिसायला लागलेला असतो.

सगळंच वाईट वाटायला लागलं तर घड्याळ लावा. पंधरा मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा त्याला तारीख आणि पत्ता असतो, म्हणून तो दुरुस्त करता येतो. 'मी मुळातच वाया गेलेली' असा नुसता धूर भरून येतो, तेव्हा त्यात करण्यासारखं काहीच नसतं, तो तिथेच सोडून द्यावा. पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, हे सांगणारं १ योहान १:९ वाचा, वही मिटा, भांडी घासायला उठा. तेच पाप पुन्हापुन्हा कबूल करूनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तर तो आत्मपरीक्षणाचा प्रश्न उरत नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

वहीत जे येतच नाही ते घरच्यांना दिसतं. नवऱ्याला किंवा मुलीला एवढंच विचारा : गेल्या आठवड्यात माझ्या कुठल्या बोलण्याने तुला त्रास झाला? मग दोन मिनिटं काही बोलायचं नाही. बहुतेक जणी तिसऱ्या वाक्यालाच 'अगं, मी ते अशासाठी बोलले' सुरू करतात, आणि पुन्हा कुणी खरं सांगत नाही. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३८ च्या डिसेंबरात आपल्या लहान गटांसाठी नियम लिहिले. गेल्या भेटीपासून कुठलं पाप घडलं, कुठला मोह आला, त्यातून सुटका कशी झाली, असे थेट प्रश्न त्यात आहेत. पण इतरांना विचारण्याआधी गटातल्या एकाने स्वतःची अवस्था सांगायची, हेही त्याच नियमांत आहे. तुमच्या घरगुती प्रार्थनेत एवढा एक बदल झाला, तरी दुटप्पी वगैरे शब्द आपोआप कमी होतील.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे उपासनेत भाकरी आणि द्राक्षारस घेतात त्याबद्दल, एक गैरसमज इथेच काढून टाकू. १ करिंथ ११:२८ मध्ये माणसाने स्वतःला पारखावं असं म्हटलंय, आणि लगेच पुढे, मग भाकरी खावी. पारखण्याचा शेवट मेजापर्यंत येण्यात आहे. 'माझं मन शुद्ध नाही' म्हणून मागच्या बाकावर बसून राहण्याची पद्धत आपल्याकडे पुष्कळ आहे, तिला या वचनात आधार नाही. मात्र कुणाशी बिनसलं असेल, तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण तिथेच ठेवून आधी त्या माणसाकडे जायचं. जायचं म्हटलंय, मेसेज करायचा असं नाही.

म्हणून जा. तिच्या घरी, एकटीने, तिला आधी विचारून. बोलायचं इतकंच : "त्या दिवशी प्रार्थनेच्या नावाखाली मी सगळ्यांसमोर तुला टोचलं. ते चुकीचं होतं. मला माफ कर." यात 'तुला वाईट वाटलं असेल तर' नको, कारण वाईट वाटण्याची जबाबदारी त्यात तिच्यावर जाते. 'पण' नको. सहा हजारांचा विषय त्या दिवशी अजिबात नको, नाहीतर माफी म्हणजे वसुलीची प्रस्तावना ठरेल. जे अकरा जणींसमोर झालं ते त्याच अकरा जणींसमोर परत घ्यावं लागेल. फक्त तिला विचारा की तिथे नाव घेतलेलं चालेल का. नको म्हणाली, तर नाव न घेता तुमचं वाक्य तेवढं परत घ्या.

मग उरतं तिचं कुसळ. तुमच्या यादीत चार गोष्टी आहेत. उशीर हा गायनवृंदाच्या प्रमुखाचा विषय, तो त्याने बघावा. सासूचं तुम्ही पाहिलेलं नाही, शेजारणींकडून ऐकलंय. ऐकीव गोष्टीवर बोलायला जाऊ नका. स्टेटसवरची वचनं हा दोषच नाही, तो तुमचा वैताग आहे. सहा हजार मात्र खरोखर तुमचं काम आहे, खजिनदार म्हणून. हिशेब मांडून झाल्यावर, माफीनंतर निदान एक आठवडा जाऊ देऊन, वही घेऊन बोला. मत्तय १८:१५ प्रमाणे दोघीच असताना. "येणं सहा हजार दिसतंय, महिन्याला हजार जमतील का?" गलतीकरांस पत्र ६:१ मध्ये पडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा म्हणताना जे ग्रीक क्रियापद आहे, तेच मत्तय ४:२१ मध्ये याकोब आणि योहान जाळी नीट करतात तिथे आहे. दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जाळं सांधताना बघा. जाळं मांडीवर असतं, फाटका भाग शोधून तेवढाच विणला जातो, बाकीच्या जाळ्याला कुणी बोल लावत नाही. ती देऊ शकत नाही म्हणाली, तर ते तसं लिहून घ्या आणि संघासमोर हप्त्यांचा प्रस्ताव ठेवा. नियम असा करा की तो पुढच्या प्रत्येकीला लागू होईल.

एक अपवाद ठळकपणे सांगतो. हा सगळा क्रम, आधी मी आणि मग तू, नेहमीच्या चुकांसाठी आहे. मंडळीत एखाद्या लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 'आधी स्वतःचं मुसळ' म्हणत थांबायचं नसतं आणि मत्तय १८ प्रमाणे एकांतात बोलायलाही जायचं नसतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, ज्याला हे कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. घरात मारहाण होत असलेल्या बाईलाही आत्मपरीक्षणाचा सल्ला देऊ नये, तिला सुरक्षित जागी पोचवावं.

माफी मागायला जाताना मिठाईचा पुडा नेऊ नका. पुडा हातात असला की तो घेण्याचं ओझं तिच्यावर येतं. रिकाम्या हाताने जा. बोलून झालं की गप्प बसा. ती रागावून काही बोलली तर ऐकून घ्या, त्यातलं खरं असेल ते रात्री वहीत लिहा. ती काहीच बोलली नाही, तर पाच मिनिटांनी निघा. चहा विचारला, तर नको म्हणू नका.